उपडा वाडगा

"त्या वाडग्याच्या काठाला निळी रेघ होती का गं?"

हॅलो नाही, कोण बोलतंय ते नाही, एकदम हा प्रश्न. एथना डब्लिनच्या भर चौकात बसची वाट पाहत उभी होती. एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन आणि दोन्हींच्या मध्ये सातव्या महिन्याचं पोट. "कुठला वाडगा?" तिनं विचारलं आणि विचारता विचारताच तिला आवाजाची ओळख पटली. रॉसकॉमन परगण्यातली डेलिया हेनेगन. मागच्या आठवड्यात जिच्या रानातली मातीच्या बांधाची जुनी गोल गढी एथना तपासून आली होती ती म्हातारी. "तूच म्हणालीस की, आत काही नाही, दगडधोंडे आहेत आणि कुणीतरी जुनं भांडं टाकून दिलंय म्हणून. त्या भांड्याचं विचारतेय मी. पांढरा वाडगा. काठाला निळी रेघ." एथनानं आठवून पाहिलं. शेवाळातून वर आलेली पांढरी कड, तिच्यावर पुसट निळं काहीतरी. "होती वाटतं रेघ. हो, होती. का हो, मिसेस हेनेगन?" पलीकडे रेडिओवर कुणीतरी गुरांचे भाव सांगत होतं तेवढं ऐकू येत होतं. मग म्हातारी म्हणाली, "तू लंगडत बाहेर आलीस. पाय त्याच्यावरच मुरगळला का तुझा?" "हो, बूट अडकला. पण फार काही नाही, दोन दिवसांत उतरलं." "माते मरिये," म्हातारी म्हणाली, एथनाला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी, आणि फोन बंद झाला.

बस आली. एथना चढली, एका पोरानं उठून जागा दिली, तिनं त्याचे आभार मानले. या सगळ्या गोष्टी तिच्या हातून नेहमीसारख्या झाल्या. खिडकीच्या काचेवर बाहेरचे दिवे पाण्यातून ओघळत होते. बस पुलावर चढली आणि तिथं, नदीच्या बरोबर वर, तिला कळलं. कळलं म्हणजे नवीन काही नाही. सगळं आधीपासून ठाऊकच होतं, फक्त तिनं ते पाहायचं टाळलं होतं. गढीच्या आतल्या गवतात पांढऱ्या गारगोट्या होत्या. मूठभर आकाराच्या. आसपासच्या रानात गारगोटी मिळत नाही, सगळा चुनखडीचा मुलूख. म्हणजे कुणीतरी त्या लांबून आणल्या होत्या. आणि त्या विखुरलेल्या नव्हत्या, मांडलेल्या होत्या, दोन-दोन, एक उशाला आणि एक पायथ्याला, आणि दोन्हींमधलं अंतर हातभर. हातभर अंतर कुणाला पुरतं? तिच्या अंगातली ऊब एकाएकी गेली. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुला?" एथना म्हणाली, "छान वाटतंय."

बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या लेकरांना पाद्री देवळाच्या आवारात जागा देत नसत. मग बाप संध्याकाळी, दिवस आणि रात्र दोन्ही नाहीत अशा वेळी, साबणाच्या नाहीतर चहाच्या खोक्यातून ते लेकरू घेऊन जायचा आणि जिथं कुणी नांगर घालणार नाही अशा जागी पुरायचा. गढीत नांगर कोण घालणार? गढीत 'ते' राहतात, जमिनीखालचे परीलोक. 'त्यांचं' नाव कुणी घेत नाही. हे सगळं एथना बारा वर्षं लोकांना सांगत आली होती. कामच तिचं ते. मातीच्या गोल गढ्या, पडके मनोरे, भिंतीत चिणलेले कोरीव दगड, कुणा जमीनदाराच्या वाड्याची उरलेली कमान, जे जे म्हणून कायद्यानं राखलेलं आहे ते जागेवर आहे का, की कुणी रात्रीतून यंत्र लावून सपाट केलं, हे परगण्यात फिरून पाहायचं. शेतकरी दारातच विचारायचे, "काय, आहे का आमची गढी, की उडून गेली?" ती हसायची. कायद्यानं जेवढ्या गढ्या वाचल्या त्याच्या दसपट भीतीनं वाचल्या, हे तिचं आवडतं वाक्य होतं, भाषणात हमखास टाळ्या घेणारं. लोकांची भीती तिच्या फार उपयोगाची होती. आपण स्वतः त्या भीतीच्या बाहेर उभ्या आहोत, कुंपणापलीकडे, हातात मोजपट्टी घेऊन, असं ती धरून चालली होती.

आणि गरोदर बाईनं थडग्यावर पाय देऊ नये. देऊ नयेच. आणि दिलाच, आणि तो मुरगळला, तर पोटातल्या लेकराचा पाय तसाच वळतो. याला या लोकांत एक जुना शब्दही आहे, 'स्मशानाचा मुरडा' म्हणावं तसा. महाविद्यालयात त्यांचे सर पडद्यावर चित्र दाखवून हे शिकवायचे आणि सगळा वर्ग हसायचा. एथना सगळ्यांत जोरात हसली होती. तिला हसावंच लागलं होतं, कारण केव्हाच वारलेला तिचा फेस्टस काका जणू त्या पडद्याच्या मागेच कुठंतरी उभा होता. बापाचा धाकटा भाऊ. त्याच्या डाव्या पायाला जाड तळव्याचा, लोखंडी पट्टीचा बूट होता. आजी दिवसांत असताना सख्ख्या बहिणीच्या दफनाला गेली, लोक नको म्हणत असताना गेली, तिथं ओल्या मातीत तिचा पाय घसरला आणि पुढं फेस्टस काका झाला. घरात हे कुणी दुःखानं सांगायचं नाही, पावसात छत्री विसरली आणि भिजलो हे जसं सांगतात तसं सांगायचे. काका गेला तेव्हा एथना सहा-सात वर्षांची असेल. बायका जपमाळ म्हणत होत्या, पुरुष व्हिस्की पीत होते आणि ते बूट पलंगाखाली जोडीनं ठेवलेले होते. तिनं वाकून डाव्या बुटात हात घातला होता. आतला तळवा एका बाजूनं खोल झिजलेला होता, गुळगुळीत, आणि गार. तिनं हात झटकन बाहेर काढला आणि फ्रॉकला पुसला. आता बसमध्ये तिचा तोच हात गार पडला. पोटातलं लेकरू दुपारपासून हललं होतं का? सकाळी हललं होतं. दुपारी, आठवत नव्हतं.

घरी आली तर दारातच बाबागाडी. नवी कोरी, निळी, छत वर केलेली, आणि अर्थात रिकामी. "मिळाली!" रोनन स्वयंपाकघरातून ओरडला. "दुकानदार म्हणाला उद्यापासून किंमत वाढणार. म्हटलं उचलूनच आणतो. कशी आहे?" रोनन लिफ्ट दुरुस्त करतो. दोर, चाकं, ब्रेक यांच्यावर त्याचा विश्वास आणि बाकी जगाबद्दल त्याला एक प्रसन्न शंका असते. बाळ जन्मण्याआधी गाडी घरात आणत नाहीत, दुकानातच ठेवून घेतात, हे डब्लिनमध्ये जन्मलेल्या त्यालाही ठाऊक होतं. त्याच्या आईनं दहादा बजावलं होतं. आणि आठवड्यापूर्वी एथनाच त्याला म्हणाली होती, आईंना काय कळतंय, आण तू खुशाल. आता ती छत्रीसुद्धा न मिटता त्या गाडीकडे पाहत उभी राहिली. "परत ने," ती म्हणाली. "काय?" "आत्ता. परत ने. नाहीतर गाडीच्या डिकीत ठेव. घरात नको." रोनन हात पुसत बाहेर आला. तिचा चेहरा बघून त्याच्या तोंडावर आलेली थट्टा त्यानं गिळली, पण अर्धीच. "रॉसकॉमनला जाऊन जाऊन तू पण त्यांच्यातलीच झालीस की गं. उद्या दारावर नाल ठोकू का?" एथनाला रडू फुटलं.

सांगितलं तिनं त्याला. सांगताना ऐकायला फार वेडगळ वाटलं. एक म्हातारी, एक वाडगा, एक मुरगळलेला पाय. रोनननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू दगडावर अडखळलीस. दगडाला काय ठाऊक तू कोण." "दगड नव्हता तो." "बरं, वाडग्याला काय ठाऊक." त्याचं बरोबर होतं. एथनाला त्याचं बरोबर असणं मुळीच नको होतं. तिला हवं होतं की त्यानंही घाबरावं. कुणीतरी आपल्याइतकं घाबरलं असतं तर भीती निम्मी झाली असती. रात्रभर ती डाव्या कुशीवर पोटावर हात ठेवून पडून राहिली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. पोट आज दगडासारखं शांत होतं. ती मनात म्हणत होती, हल ना रे. एकदा हल. पाय नको हलवूस हवं तर, हात हलव. पाय म्हणताच तिच्या डोळ्यांपुढं बुटाचा तो झिजलेला तळवा यायचा. मग ती उठून बसायची आणि पुन्हा त्या गढीत शिरायची. पाऊस आहे, अंगात मोठा रेनकोट आहे. फाटकाशी म्हातारी काठीवर रेलून उभी आहे, आत येत नाही, फाटकाला हातही लावत नाही. "आत काय आहे ते बाहेर आलीस की मला सांग हं," एवढंच म्हणते. एथना बांध चढते, काटेरी झुडपांमधून वाकून आत जाते. आत वारा नाही. बाहेर एवढा वारा आणि आत गवताचं पातं हलत नाही. गारगोट्या दिसतात, आणि तिचं मन, बारा वर्षांचं शिकलेलं मन, त्यांच्यावरून नजर पुढं नेतं, कुणी ओळखीचं नकोसं माणूस रस्त्यात दिसलं की आपण पलीकडच्या दुकानाकडे बघतो तसं. मग बूट अडकतो. खाली बघते, चिनीमाती. आणि तिला किती हायसं वाटलं होतं! कचरा. अलीकडचा कचरा, आपल्या कामाचा नाही. फाटकाशी येऊन तिनं म्हातारीला हसत सांगितलं होतं, "काही नाही हो आत." म्हातारीचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते आता या अंधारात तिला प्रथमच दिसलं. कुणीतरी दिवा मालवावा तसा तो झाला होता.

सकाळी रोननच म्हणाला, चल, दवाखान्यात दाखवून येऊ. नर्सनं पोटावर गार जेल लावली, यंत्र फिरवलं आणि खोलीभर घोड्याच्या टापांसारखा आवाज भरला. "हे बघा, झकास चाललंय. आळशी आहे लेकरू, झोपलं होतं." रोनननं एथनाचा खांदा दाबला. त्यानं मोठा श्वास सोडला तेव्हा कुठं तिला कळलं की रात्रभर तोही जागाच होता. एवढ्यावर उठायचं की नाही? पण तिचं तोंड उघडलंच. "पाय दिसतायत का?" "पाय?" नर्सनं यंत्र इकडे तिकडे फिरवलं. "पाय घेतलेत दुमडून अंगाखाली. मांडी घालून बसलंय जणू." "सरळ आहेत ना?" "मागच्या तपासणीत काही म्हणाले होते का डॉक्टर?" "नाही." "मग असणारच." "खात्रीनं सांगाल?" नर्स तिच्याकडे पाहून समजूतदार हसली. "बाळ हातात आल्याशिवाय खात्रीनं कुणी काही सांगत नाही, राणी." एथनाला तिचा राग आला नाही. ती स्वतःही कधी खात्रीनं सांगत नसे. बहुधा, संभवतः, असावे, पुराव्यावरून वाटते. तिच्या धंद्यात खात्री हा शब्द बोलणाऱ्याला लोक हसतात.

शनिवारी ते निघाले. गाडी रोनन चालवत होता, डिकीत बाबागाडी होती. "जाऊन करणार काय आहेस?" त्यानं वाटेत एकदा विचारलं. तिलाही नीट ठाऊक नव्हतं. म्हातारीनं 'माते मरिये' म्हणून फोन ठेवला होता. त्या दोन शब्दांत काय भरलं होतं ते काढून घ्यायचं होतं. म्हातारीला उतारा ठाऊक असेल. अशा बायकांना ठाऊक असतो. बुडत्याला काडीचा आधार, आणि इथं तर त्या काडीला हसलेल्या बाईलाच तिच्या शोधात यावं लागलं होतं. शॅनन नदीचा पूल ओलांडला, मुलूख सखल झाला, कुंपणं बुटकी झाली. दर वळणावर एकेक गढी दिसू लागली, हिरव्या रानात झुडपांचा गोल, गुरं त्याच्या कडेकडेनं चरत असलेली. इतकी वर्षं ती या गोलांना नकाशावरच्या खुणा समजत आली. यांतल्या किती गढ्यांत तिनं बेधडक बूट नाचवले असतील!

डेलिया दारातच उभी होती. तिनं एथनाच्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलीस. चहा ठेवलाय." मग रोननकडे वळून, "हा तुझा का? उंच आहे. याला बसव चुलीपाशी. हॅम आहे, ब्रेड आहे, रेडिओवर सामना लागायचाय. पुरुषांचं काम नाही पुढचं." रोननला वाद घालायची सवय, पण तो मुकाट्यानं बसला. एथनाची नजर समोरच्या फडताळाकडे गेली. वरच्या फळीवर पांढरे वाडगे, काठाला निळी रेघ. मध्येच एका वाडग्याएवढी मोकळी जागा. इतकी वर्षं ती जागा कुणी सरकवून बुजवली नव्हती. "माझ्या आईनं लग्नात दिले," डेलिया तिच्या मागे येऊन म्हणाली. "सहा होते. आता पाच. पाहुणे आले की मी म्हणायची, आमच्याकडे पाचच आहेत हो, सहावा कुठं गेला ते मार्टीला विचारा. फोडला आणि लपवला, कबूलसुद्धा करत नाही, असला माझा नवरा. सगळे हसायचे. तो टोपी घालून गाय बघायला बाहेर जायचा. दर वेळी गाय बघायला! मरेपर्यंत मी त्याला त्या वाडग्यावरून टोचलं गं. दवाखान्यात पडला होता तेव्हासुद्धा म्हटलं, आता तरी सांग बाबा कुठं टाकलेस तुकडे. हसला नुसता." तिनं हातातला फडका घडी करून पुन्हा उलगडला. "तो वाडगा ज्या दिवशी गेला ना, त्या दिवशी मी वरच्या खोलीत निजून होते. लेकरू रडलंच नाही आमचं. मुलगा होता. पाद्री यायच्या आधीच... मार्टी त्याला घेऊन गेला. मला कुणी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. गढीत नेलं असणार एवढं ठाऊक. त्यानंतर मी फाटकापलीकडे कधी गेले नाही. भीती वाटायची." "कशाची?" "आत काही असेल याची. आणि काहीच नसेल याचीही."

फाटकापर्यंत दोघी चालत गेल्या. पाऊस नव्हता, पण सगळं ओलं होतं. फाटकाशी एक सपाट दगड होता, त्यावर डेलियानं तिला बसवलं. "मुरगळलेला कुठला?" "हा. डावा." "वर कर." एथनानं पाय वर केला. तिला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला हसू येईल, निदान लाज तरी वाटेल. म्हातारी कमरेत वाकली, जीभ लावून अंगठा ओला केला आणि बुटाच्या चिखलभरल्या तळव्यावर तिनं क्रूस काढला, ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत. पुन्हा काढला. पुन्हा. एथना हसली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हात जोडून बसली होती, इतकी वर्षं शिकलेली बाई. "माझी आई असं करायची," डेलिया म्हणाली. "चालतं की नाही देव जाणे. आता ऐक, तुला एक सांगायचंय. फोनवर धीर झाला नाही." "काय?" "त्या दिवशी मी पाहिलं होतं. कोट कितीही मोठा असला तरी पोटुशी बाई चालण्यावरून कळते. तुला आत जाऊ नको म्हणायला हवं होतं मी. तोंडाशी आलं होतं. आणि गप्प बसले." एथना तिच्याकडे पाहत राहिली. "इतकी वर्षं कुणी आत गेलं नाही. साहेब लोक येतात, बांधावरून फोटो काढतात, जातात. म्हटलं, ही बाई आहे. ही बघेल. हिला दिसेल. स्वतःच्या पोराची बातमी हवी म्हणून तुझं पोर पुढं केलं मी. आणि तू बाहेर येऊन म्हणालीस, काही नाही." एथनाला राग आला, सपाटून आला. या बाईला ढकलून द्यावं, आत्ता गाडीत जाऊन बसावं, पुन्हा या परगण्याचं तोंड पाहू नये असं वाटलं. डेलिया समोर उभी होती, शिव्या खायला तयार, डोकं खाली घालून. वर्षानुवर्षं मार्टी असाच उभा राहिला असेल, एथनाच्या मनात आलं, आणि मग गाय बघायला गेला असेल.

"आत लेकरं आहेत हो," एथना म्हणाली. "मी खोटं नाही बोलले, मी पाहिलंच नाही. पुष्कळ आहेत. दोन-दोन पांढरे दगड. आणि एका ठिकाणी दगड नाही, वाडगा आहे." "फुटलाय?" "नाही. अख्खा आहे. उपडा ठेवलाय." डेलियानं फाटकाची कडी धरली. तिचे ओठ हलले. "पांढरा दगड मिळाला नसेल त्याला," ती म्हणाली. "तो डोंगराकडून आणावा लागतो. अर्ध्या दिवसाची वाट. तेवढ्यात... घरात पांढरं तेवढंच होतं." तिनं काठीनं बांधाकडे दाखवलं. "मला दाखवशील? मला एकटीला नाही जमायचं. पण तू आत येऊ नकोस हवं तर, बांधावरून सांग मला कुठं ते. तुझं एक पाप आधीच माझ्या माथी आहे, आणखी नको." एथनानं बांधाकडे पाहिलं. काट्यांमधली ती काळी वाट. पोट जड. आत वारा नसणार, तिला ठाऊक होतं. पायाखाली कोण कोण असणार तेही आता ठाऊक होतं. मागच्या वेळी अज्ञानाचं तरी चिलखत होतं. "तुला भीती नाही वाटत?" डेलियानं विचारलं. "वाटते. फार वाटते." "मलाही," डेलिया म्हणाली आणि एथनाला ते ऐकून पहिल्यांदा, सबंध आठवड्यात पहिल्यांदा, श्वास पुरा घेता आला. तिनं म्हातारीचा दंड धरला. फाटक किरकिरत उघडलं.

त्या फार हळू गेल्या. एथना दर पावलाला आधी खाली बघायची, मग पाऊल टाकायची, आणि डेलिया तिनं टाकलं तिथंच टाकायची. आत सगळं तसंच होतं, निवांत, ओलं, हिरवं. गारगोट्या आता नजरेआड करू म्हटलं तरी होत नव्हत्या. त्या गवतातून सगळीकडून वर आल्या होत्या. डेलिया प्रत्येकीपाशी थबकून मान लववत होती, लग्नघरात ओळखीच्यांना रामराम करावा तशी, आणि पुटपुटत होती, "ही मॅकगॅरींची असेल. ही बिचाऱ्या नोराची असेल." काटेरी झुडपांच्या आडोशाला वाडगा होता. शेवाळानं अर्धा गिळलेला, पण जागचा ढळलेला नाही. एथनाचा बूट नुसता कडेला अडकला होता. काठाची निळी रेघ अगदी स्पष्ट दिसत होती. डेलिया उभीच राहिली. तिला खाली वाकवेना आणि काठीही सोडवेना. मग एथनाच गुडघ्यांवर बसली, पोट सांभाळत, आणि तिनं वाडग्यावरची पानं हातानं बाजूला केली. "उचलू का?" "नको! नको गं." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "हे तू लिहिशील का तुझ्या कागदात?" "तुम्ही म्हणाल तर. लिहिलं तर कुणाला इथं हात लावता येणार नाही." "लिही," डेलिया म्हणाली. "कुठंच लिहिलेलं नाहीये त्याचं."

काट्यांवरून पाणी ठिबकत होतं, थेंब वाडग्याच्या पाठीवर पडून ओघळत होते. डेलिया ते बघत होती. "उपडा का ठेवला असेल?" ती म्हणाली, आणि उत्तर तिनं स्वतःच दिलं. "पाऊस लागू नये म्हणून. दुसरं काय. त्याला सुचलं असेल ते. आणि मी..." तिनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. "इतक्या वर्षांत आत पाणी गेलं असेल का गं? खरं सांग. तू शिकलेली आहेस." शेवाळ, माती, या मुलखातला पाऊस, इतकी वर्षं. एथनाला ठाऊक होतं काय असणार. तिनं वाडग्यावर तळहात ठेवला. "नाही गेलेलं," ती म्हणाली. "आत कोरडं आहे." "खात्री?" "खात्री." डेलियानं मान हलवली, एकदा, दोनदा. मग तिनं हात पुढं करून एथनाच्या ओल्या केसांवर ठेवला आणि तितक्याच ठाम आवाजात म्हणाली, "आणि तुझ्या लेकराचे पाय सरळ आहेत." एथनानं वर पाहिलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, "खात्री?" "खात्री," म्हातारी म्हणाली. "ऊठ आता, जमीन गार आहे." एथना तिचा हात धरून उठली, आणि दोघी आल्या वाटेनं, आलेल्याच पावलांवर पाय ठेवत, फाटकाकडे निघाल्या.